दुसऱ्या रविवारची हरकत

एस्तू, तू गेलीस त्याला आज तेरा दिवस झाले. आपल्यात तेरावं-बिरावं काही नसतं, तरी मी दिवस मोजतेच आहे. शेजारच्या कांताबाईंनी सकाळी विचारलं, "तुमच्यात आज काय करत्यात वो?" म्हटलं, काही नाही, आमच्यात नुसती आठवण काढतात. मग चहा ठेवला, नातीच्या जुन्या वहीतले कोरे कागद फाडून घेतले आणि तुला लिहायला बसले. उभ्या आयुष्यात तुला एक पत्र लिहिलं नाही मी. तू केडगावात, मी दौंडात, मध्ये पाटस आणि कडेठाण. पॅसेंजरमध्ये बसलं की तासाभरात तुझ्या दारात. पत्र कशाला लिहायचं, असंच वाटायचं.

पण दारात येऊनही जे बोलायचं ते बोलले नाहीच. ते आता लिहिते. आणि गेल्या रविवारी चर्चमध्ये मी काय करून बसले तेही सांगते. तुला कळलं असतं तर आधी हसली असतीस आणि मग मला चांगली झापली असतीस.

अगं, मला सगळं त्या रेल्वे क्वार्टर्समधलंच आठवतंय. तुमची खोली आणि आमची खोली, मधली भिंत एक. तुझे वडील इंजिनावर फायरमन, ते गेले तेव्हा तू चौथीत. माझे आप्पा सिग्नलखात्यात, आणि त्याहून मोठं म्हणजे चर्चच्या मंडळीचे पंच. चर्चच्या पुढच्या बाकावर आप्पांची जागा ठरलेली, आणि त्यांच्या नजरेच्या टप्प्यात बायकांच्या बाजूला आमची. आपण दोघी गायनात. तुझा आवाज देवानं दिलेला आणि माझा कुणी दिला कोण जाणे. मी सूर सोडला की तुझं कोपर माझ्या बरगडीत बसायचं. पुस्तकावरची नजरसुद्धा न हलवता! घरी जाऊन बघितलं तर खरंच निळं व्हायचं. आई म्हणायची, "एवढं लागतं तर तिच्याशेजारी बसू नको." पण दुसऱ्या कुणाशेजारी बसायचं माझ्या मनातही आलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून एखाद-दोन वर्षं झाली असतील. तू केडगावच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झालेली, मी इथं दुसरीच्या वर्गावर. संध्याकाळी तुझी पॅसेंजर आली की मी स्टेशनच्या पुलावर यायची. खारे दाणे घ्यायचे आणि खाली लोकोशेडकडं बघत उभं राहायचं. आपला सगळा विषय एकच, लग्न. दुसरं होतं तरी काय बोलायला? नवरा कसा हवा याची आपण यादी करायचो. माझी यादी लांबलचक. उंच हवा, दाढी रोज करणारा हवा, नाकात बोलणारा नको, जेवताना मचमच आवाज करणारा नको. तू सगळं ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "मला एवढंच पायजे, भांडता आलं पायजे त्याच्याशी. आप्पांशी तुझी आई भांडू शकती का? न्हाई ना? मग झालं तर."

मंडळीची यादी मात्र वेगळी. मुलगा बाप्तिस्मा झालेला असावा, मोठेपणी मंडळीपुढं दृढीकरण झालेलं असावं, दारूला शिवणारा नसावा आणि त्याच्या पाळकांचं पत्र असावं. दोन मंडळ्यांच्या पाळकांची पत्रापत्री झाली की निम्मं लग्न झालंच म्हणून समजा. तरुणांच्या वर्गात पाळकसाहेब आम्हा सगळ्यांना समजावून सांगायचे, की चोरून भेटणं नको, चिठ्ठ्या नकोत, सिनेमा तर नकोच. मुलामुलीला एकमेकांशी बोलायचं असेल तर पाळकांच्या ओसरीवर अर्धा तास बोलावं, पाळकीणबाई तांदूळ निवडत दारात बसतील. त्या वेळी तर ही फार पुढारलेली गोष्ट होती बरं का! आमच्या शेजारच्या हिंदू घरांत पोरींना नवऱ्याचं तोंड अंतरपाट खाली आल्यावर दिसायचं. आपल्याला अर्धा तास मिळत होता म्हणून आपण मिरवायचो.

त्या वर्गात शंका विचारायला एक खोकं ठेवलेलं असायचं. नाव न घालता चिठ्ठी टाकायची. पाळकसाहेबांनी एकदा एक चिठ्ठी मोठ्यानं वाचली, "मुलाला मुलगी आवडली तर तो पाळकांना कळवतो. मुलीला मुलगा आवडला तर तिनं कुणाला कळवायचं? आणि नाही आवडला तर?" सगळा वर्ग खी खी हसला. पाळकसाहेबही हसले, चिठ्ठीची घडी केली आणि म्हणाले, "तिनं प्रार्थना करावी." प्रश्न तुझाच होता, मी ओळखलं. तू मात्र अशी बसलीस जसं काही तुझा त्या चिठ्ठीशी संबंधच नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणालीस, "उत्तर दिलंच न्हाई त्यांनी."

मग शिरूरचं स्थळ आलं माझ्यासाठी. कचेरीत कारकून, एकुलता एक, घरचं घर. आप्पांच्या चेहऱ्यावर तर ख्रिसमसच. पत्रं झाली, दोन्हीकडचे पंच भेटले आणि एका शनिवारी तो शिरूरच्या एसटीनं आला. पाळकांच्या ओसरीवर दोन खुर्च्या, मध्ये स्टूल, स्टुलावर चिवडा. माणूस वाईट नव्हता, एस्तू, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. पण त्या अर्ध्या तासात त्यानं चिवड्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खाल्ले आणि तीनच गोष्टी बोलला. "मटण येतं ना करता?" "आईला गुडघ्याचा त्रास हाय." आणि "नोकरी सोडावी लागंल, आमच्यात बायका बाहेर जात न्हाईत." मी नुसती मान खाली घालून बसले. मला काय आवडतं, काय नाही, त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पाळकीणबाईंनी सूप आपटलं, म्हणजे वेळ संपली.

त्या संध्याकाळी पुलावर मी तुझ्यापुढं भोकाड पसरलं. "मला न्हाई करायचं. मला पोरांना शिकवायचंय. मला तो माणूस बघून काही म्हंजे काहीच वाटलं न्हाई गं."

"मग सांग की घरी."

"काय सांगू? शेंगदाणे वेचतो म्हणून?"

"मन न्हाई, असं सांग."

सांगितलं. चुलीपाशी आईला सांगितलं. आई म्हणाली, "मन काय, लग्नानंतर बसतं. माझं तरी कुठं होतं?" आणि आप्पांना सांगायची छाती नव्हती माझी. तोवर पांढरी साडी आली, साखरपुडा झाला आणि आपल्याकडं असतं तसं तीन रविवार नावं वाचायचं ठरलं. अमक्याचा मुलगा आणि तमक्याची मुलगी यांचा विवाह योजिला आहे, कुणाची रास्त हरकत असेल तर कळवावी. पहिल्या रविवारी वाचलं. मला वाटलं, कुणीतरी माझंच नाव दुसऱ्या कुठल्या पोरीला चिकटवलंय. संध्याकाळी पुलावर मी तुझा हात धरून म्हटलं, "एस्तू, तूच काहीतरी कर गं."

हे मी म्हटलं होतं. माझ्या तोंडानं. पुढचं सगळं या एका वाक्यातून झालं आणि हे वाक्य मी जन्मभर कुणाला सांगितलं नाही.

त्या काळी त्या हरकतीच्या ओळीकडं कुणाचं लक्षच नसायचं. पाळकसाहेब ती इतक्या घाईनं वाचायचे की वाचतावाचताच पुढच्या गीताचं पान काढत असायचे. आजवर कुणी उठलेलं आमच्या आजोबांनीसुद्धा पाहिलं नव्हतं. फक्त तुला, बाई, ते खरंच विचारतायत असं वाटलं. विचारलंय तर उत्तर द्यायला नको का? दुसऱ्या रविवारी नावं वाचून झाली आणि माझ्या शेजारी खळीची साडी करकरली. मी वर बघते तो तू उभी.

"पाळकसाहेब, हरकत आहे."

पेटीवर शमुवेल मास्तर बसलेले. त्यांचा हात घसरला आणि पेटी भसकन वाजली. पुरुषांच्या बाजूच्या सगळ्या माना वळल्या. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कसली हरकत? मुलाचं आधी लग्न झालंय?"

"नाही."

"नात्यात लागतात?"

"नाही. मुलीचं मन नाही."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच."

आप्पा वळून माझ्याकडं बघत होते. रागानं नाही, तेच तर वाईट. घाबरून बघत होते. पाळकसाहेब खाली उतरून बाकापाशी आले आणि अगदी हळू म्हणाले, "विमल, बाळ, खरं आहे का हे? खरं असेल तर सांग. आत्ताच सांग."

बघ, त्यांनी विचारलं होतं गं. जे आजवर कुणी विचारलं नाही म्हणून मी रडत होते, ते त्यांनी भर मंडळीत विचारलं. आणि मी तोंडात गुळणी धरल्यासारखी बसले. मग मान हलवली आणि म्हटलं, "न्हाई. मी असं काही बोलले न्हाई."

तू माझ्याकडं बघितलंस. मला वाटलं, आता हिचं कोपर बसणार. नाही बसलं. तू खाली बसलीस, पदर सारखा केलास, पुस्तक उघडलंस आणि पुढचं गीत म्हणायला लागलीस. एका जागी सूर हलला नाही तुझा. मी ओठ नुसते हलवत होते.

नवऱ्यामुलाची आत्या त्या दिवशी आपल्याच चर्चमध्ये बसलेली होती, हे देवाचं करणं की काय म्हणावं! चार दिवसांत शिरूरहून पत्र आलं, घोटाळ्याच्या घरात आम्हाला सोयरीक नको. तिसऱ्या रविवारी नावं वाचलीच नाहीत. मी सुटले. अगं, त्या रात्री मी पोटभर जेवले, हे सांगायलाही लाज वाटते.

पण मोडलेल्या लग्नाचं खापर कुणावर तरी फुटायला लागतं. दोन दिवसांनी मी कणीक मळत होते आणि बाहेर नळावर आई शेजारणीला सांगत होती, "अवो, तिचाच डोळा व्हता त्या पोरावर. आमच्या विमलच्या सुखावर जळती ती." मी ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला. हात थांबवले नाहीत, कणीक मळतच राहिले. आईनं ते माझ्यासाठी केलं, माझं नाव स्वच्छ राहावं म्हणून केलं, आणि राहिलंही. आठवडाभरात सगळ्या क्वार्टर्समध्ये झालं की एस्तेर जळकी. कुणी म्हणालं, केडगावात नोकरी करून शेफारली. कुणी म्हणालं, बाप नसलेली पोर, दुसरं काय होणार.

तू आठ दिवस पुलावर आली नाहीस. नवव्या दिवशी आलीस, दाण्यांची पुडी माझ्या हातात कोंबलीस. "मोडलं ना? मग झालं."

"मी खोटं बोलले, एस्तू."

"मला ठाव हाय. दाणे खा गप."

त्यानंतर तो विषय आपण काढला नाही. तू काढला नाहीस म्हणून मी काढला नाही, असं मी स्वतःला सांगत आले. किती सोयीचं होतं ते!

आता शमुवेल मास्तरांचं. त्यांचं आणि तुझं काय होतं ते मला कळायला वेळ लागला, इतकी मी माझ्यातच गुंग. ते केडगावच्या मुलांच्या शाळेत, म्हणजे तुझ्याच पॅसेंजरचे. सुरुवातीला डबा वेगळा, पण गाडी तीच. ख्रिसमसच्या आधी आपण घरोघरी गाणी म्हणत फिरायचो तेव्हा कंदील नेहमी त्यांच्याच हातात आणि उजेड नेहमी तुझ्याच पुस्तकावर. पुढं तू एकदाच कबूल केलंस. "भांडता येतं गं त्याच्याशी. पाटसला सुरू केलेलं भांडण केडगाव आलं तरी संपत न्हाई." तुझा चेहरा असा झाला होता, की मी चिडवायचंसुद्धा विसरले.

त्यांची आई तयार होती. तुझ्या हरकतीपर्यंत. मग म्हणाली, भर मंडळीत उठून बोलणारी, दुसऱ्याचं लग्न मोडणारी सून मला नको. मास्तरांनी मधला मार्ग काढला, की एस्तेरनं मंडळीपुढं एकदा म्हणावं, माझी चूक झाली, क्षमा असावी. दोन वाक्यं. आई राजी होईल. तू म्हणालीस, चूक झाली नाही तर क्षमा कशाची मागू?

मग ते माझ्या शाळेच्या फाटकाशी आले. सायकल हातात, विजारीला, चेनमध्ये अडकू नये म्हणून, पट्टी लावलेली तशीच. "विमलताई, तिनं मला काही सांगितलेलं न्हाई. पण मी तिला वळखतो. ती खोटं बोलणार न्हाई. तुम्ही आमच्या आईपुढं एक शब्द बोललात तर..." मी म्हटलं, "बघते."

बघते! तेव्हा प्रभाकरचं स्थळ नुकतंच आलं होतं. आप्पांनी बजावलं होतं, ते शिरूरचं भूत परत बाहेर काढायचं नाही, हे मोडलं तर तिसरं यायचं नाही. मी बघते म्हटलं आणि बघितलं नाही. उन्हाळ्यात मास्तरांनी सोलापूरकडच्या शाळेत बदली मागून घेतली. वर्षभरात त्यांच्या लग्नाची बातमी आली. त्या संध्याकाळी पुलावर तू दाणे घेतले नाहीस. इंजिनं बघत राहिलीस. मी काहीतरी बडबड करत होते, मुलांच्या परीक्षेची. तू म्हणालीस, "विमे, जरा गप बस गं." एवढंच. माझ्यावर आवाज चढवला नाहीस, मला जाब विचारला नाहीस. विचारायला पाहिजे होतंस. मी त्या एका गोष्टीसाठी तुझ्यावर अजून रागावलेली आहे.

आणि माझा निर्लज्जपणा बघ. पुढं कितीतरी वर्षं मीच तुला ऐकवायची, "एवढी कसली ताठ मान? दोन वाक्यं म्हटली असतीस तर संसार झाला असता." तू म्हणायचीस, "आन् ज्या पोरी माझ्यापुढं वर्गात बसत्यात, त्यांना काय शिकवलं असतं?" मी म्हणायची, पोरींचं राहू दे, तुझं काय? तू म्हणायचीस, माझं बरं चाललंय. हे भांडण आपण माझ्या स्वयंपाकघरात भाजी निवडताना, पुढं तू केडगावात खोली घेतलीस तिथं पापड लाटताना, पार तुझे दात पडेपर्यंत घातलं. आणि एकदाही, एकदासुद्धा, तू असं म्हणाली नाहीस की तुला दोन वाक्यं जमली असती का? मी वाट बघायची तू म्हणावंस. तुझ्या जिभेला धार होती, सगळ्यांना सोलून काढायचीस, आणि मला तेवढी सोडलीस.

प्रभाकर पाळकांच्या ओसरीवरच्या अर्ध्या तासाला आला त्याच्या आदल्या दिवशी तू मला शिकवून पाठवलंस. "ह्या वेळी तू विचार. तो बोलायच्या आधी विचार. आन् उत्तर आवडलं न्हाई तर तिथंच सांग, पाळकीणबाईंच्या देखत." पाळकीणबाई तांदूळ निवडायच्या थांबल्या, एस्तू, मी तोंड उघडलं तेव्हा. मी विचारलं, "मी शाळेत जाणार, चालेल का?" म्हणाला, "मला मालधक्क्यावर सकाळी सातला हजर व्हावं लागतं. तुम्ही घरी बसून काय करणार दिवसभर?" मी विचारलं, "भांडण झालं तर अबोला किती दिवस धरता?" त्यानं खरंच विचार केला. मग म्हणाला, "संध्याकाळपर्यंत. मला भूक लागते."

दारात पाळकीणबाई मोठ्यानं हसल्या. चिवडा त्यानं शेंगदाण्यांसकट माझ्यापुढं सरकवला.

तो माझा संसार, तो तुझ्यामुळं झाला. मी छत्तीस वर्षं शाळेत गेले, मोठ्या बाई होऊन निवृत्त झाले, रोज सकाळी पायांत चपला घालताना तुझी आठवण यायची असं म्हणणार नाही, खोटं होईल. पण पुष्कळदा यायची. माझ्या लग्नात माझ्या डोक्यावरची जाळी तू टाचलीस. दातांत टाचण्या धरून म्हणालीस, "हलू नको, टोचंल." आणि मग जाऊन गाणं म्हटलंस. पेटीवर दुसरंच कुणीतरी होतं.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत नात आली होती ते आठवतं ना? रांजणगावच्या कंपनीत लागलीये, बसनं जाते, भरपूर बोलते. तिनं तुला फोनवर पोरांचे फोटो दाखवले. ख्रिस्ती मुलामुलींचं काहीतरी निघालंय आता, बोटानं सरकवायचं, आवडला तर ठेवायचा, नाही तर पुढचा. मी कपाळाला हात लावला. तू चष्मा वर करून, बोट ओलं करून, एकेक सरकवत होतीस आणि विचारत होतीस, "ह्यातला भांडंल असा कोणता गं?" पोर हसून हसून लोळली. मग तिला जवळ घेऊन म्हणालीस, "न्हाई म्हणता येतं ना तुला? तोंडानं? मग कुणीबी चालंल." मी आत चहा गाळत होते. ऐकलं, आणि चहा घेऊन बाहेर आले.

शेवटच्या वेळी तुझ्या खोलीत आले तेव्हा मी ठरवूनच आले होते. पॅसेंजरमध्ये मनात घोकत आले, पाटसपासून. आज बोलायचंच. तू भिंतीला टेकून बसलेली, हातापायांच्या काड्या झालेल्या. माझ्याकडं बघत राहिलीस आणि तूच म्हणालीस, "विमे, काय बोलायचंय का?"

आणि मी म्हटलं, "न्हाई गं. तू पड जरा."

तू डोळे मिटलेस. मी तुझी उशी सारखी केली. तुला कळलं होतं, मला माहीत आहे. तुला पन्नास वर्षं कळत होतं.

मंगळवारी तुला माती दिली. केडगावच्या तुझ्या पोरी किती आल्या होत्या म्हणून सांगू, काही तर स्वतः आज्या झालेल्या. मग रविवारी आपल्या चर्चमध्ये तुझी स्मरणाची उपासना ठेवली. पाळक आता नवीन आहेत, अगदी कोवळा मुलगा, चांगला आहे. त्यानं तुझा जीवनवृत्तांत लिहून आणला होता. जन्म, शाळा, नोकरी, गायनाची सेवा. आणि मग त्यानं वाचलं, "एस्तेरबाईंनी प्रभूच्या सेवेसाठी आजन्म अविवाहित राहण्याचा निर्णय स्वखुशीनं घेतला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही डोलवता आली असती. किती छान वाक्य होतं ते, तुला शोभणारं, कुणाला न दुखवणारं, आणि मला तर कायमचं सोडवणारं. माझी आई गेली, आप्पा गेले, पाळकसाहेब, पाळकीणबाई गेल्या. खरं काय ते सांगणारं मंडळीत कुणी उरलं नव्हतं. तो पोरगा पुढच्या गीताचं पान काढायला लागला.

गुडघे धरून उठायला मला वेळ लागला, एस्तू. समोरच्या बाकाला धरून उठले. आता बायका-पुरुष एकत्रच बसतात; शेजारी बसलेल्या प्रभाकरला वाटलं मला चक्कर येतेय, त्यानं माझा दंड धरला. मी त्याचा हात सोडवला.

"पाळकसाहेब, हरकत आहे."

तो बिचारा गोंधळला. "आजी, पाणी देऊ का?" म्हणाला. पाणी नको म्हटलं. मग सांगितलं. पुलावर मी तुझा हात धरून काय म्हटलं ते सांगितलं. दुसऱ्या रविवारी मला विचारल्यावर मी काय उत्तर दिलं ते सांगितलं. नळावर आई काय बोलली आणि मी कणीक कशी मळत राहिले ते सांगितलं. शमुवेल मास्तरांचं नाव घेतलं, फाटकाशी ते आले होते ते सांगितलं, आणि माझं ते "बघते". म्हटलं, हिला संसार पाहिजे होता. हिनं कुणाचं लग्न मोडलं नाही, हिनं मला सोडवलं, आणि मी हिला एका शब्दानं सोडवू शकत होते, तो शब्द मी बोलले नाही. ते तुमच्या कागदात लिहा.

प्रभाकर माझ्याकडं बघत होता. एवढ्या वर्षांत त्यालाही मी हे सांगितलं नव्हतं. घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. संध्याकाळी जेवायला बसल्यावर म्हणाला, "मला आधी सांगितलं असतंस तर आपण दोघं गेलो असतो तिच्याकडं." मग ताटावर आम्ही दोघंही रडलो.

पण ते नंतरचं. चर्चमध्ये बोलून झाल्यावर मी खाली बसले, पदर सारखा केला आणि पुस्तक उघडलं. पेटी सुरू झाली. या वेळी मी ओठ नुसते हलवले नाहीत, चांगला गळा काढून म्हटलं. पहिल्याच ओळीला सूर सुटला माझा, आणि मी बरगडी पुढं करून, बाई, तुझ्या कोपराची वाट बघत राहिले.